सात नंबरचं पाणी

रोज सकाळी पहिली भट्टी पेटायच्या आधी अनुसयाबाई हॉटेलातल्या एकेका टेबलाशी गिऱ्हाईक होऊन बसायची.

एक नंबरपासून सुरुवात. खुर्ची ओढायची, बसायचं, दोन्ही हात टेबलावर टेकवायचे आणि समोर बघायचं. बघायचं ते मॅनेजरच्या डोळ्यांनी नव्हे. दोन तास एसटीत अंग आंबलेल्या, पोटात कावळे ओरडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी. इथून मोरीतलं ओलं फडकं दिसतं का? तीन नंबरवर नऊच्या पुढे ऊन डोळ्यांवर येतं, तिथला तरटाचा पडदा सोडला का? पाच नंबरचा एक पाय आखूड आहे, त्याखालची खापरी कुणी लाथाडली तर नाही?

आचारी देविदास हसायचा. "बाई, बसून बसून खुर्च्या झिजतील की."

"झिजू दे. गिऱ्हाईकाला काय टोचतं ते तुला काय ठावं? तू जन्मभर उभ्यानं भाजी ढवळलीस."

सहा टेबलं अशी बसून व्हायची. सातव्याशी मात्र ती बसायची नाही. रस्त्याकडेचं, कडुलिंबाच्या सावलीतलं ते सगळ्यात चांगलं टेबल. तिथला स्टीलचा जग ती विसळायची, ताज्या पाण्यानं भरायची, शेजारी चार पेले पालथे घालायची आणि कामाला लागायची.

नांदेडहून हिंगोलीकडे जाताना आखाडा बाळापूर यायच्या थोडं आधी रस्त्याला लागून खाजा मियाचं मुसाफिर हॉटेल होतं. तिथून कोसभर आत अनुसयाचा बंजाऱ्यांचा तांडा. ती हॉटेलात आली एक्याण्णव साली, भाकरी थापायला. वय सव्वीस-सत्तावीस असेल. नक्की आकडा तिलाही सांगता यायचा नाही. त्याआधीची आठ वर्षं दिवाळी झाली की ती आणि नवरा हरिचंद ऊसतोडीला जात. त्या वर्षीही ट्रक तांड्यात आला. भांडीकुंडी चढली, माणसं चढली. अनुसया खालीच उभी राहिली.

"काहून?" हरिचंदनं वरून विचारलं.

"आठ वर्षं ऊस तोडला. त्याची साखर झाली, कुणाच्या तरी चहात पडली. कुणाच्या, ते मला कधी दिसलं न्हाई. मला आता खाणारं माणूस बघायचंय."

ट्रकमधल्या बाया हसल्या. ट्रक गेला. हरिचंद त्यातून गेला आणि ही रस्त्यावर आली.

पण खाणारं माणूस तिला पुढं चार वर्षं दिसलं नाही. चूल मागच्या छपरात होती, आणि छप्पर व हॉल यांच्यामधल्या भिंतीत हातभर खिडकी. त्या खिडकीतून भाकरी पुढे जायची आणि रिकामी ताटं मागे यायची. तेवढ्यातूनच ती माणसं ओळखायला शिकली. भाकरीची कड टाकलेली, म्हणजे दात पडलेला म्हातारा. ठेचा जसाच्या तसा, म्हणजे परमुलखातला ड्रायव्हर. ताट बोटानं पुसून लख्ख केलेलं, म्हणजे त्याला आणखी हवं होतं पण मागायला लाजला. असं ताट आलं की ती न सांगता एक भाकरी खिडकीतून सारायची. तांड्यात पाहुण्याला "वाढू का" असं विचारत नाहीत. विचारणं म्हणजे अर्धं नाही म्हणणं.

ही रीत एकदा अंगाशी आली. तिनं न विचारता वाढायला लावलेला ठेचा एका मद्रासी ट्रकवाल्यानं चटणी समजून चमचाभर तोंडात टाकला, आणि तो गडी हॉटेलाभोवती तीन फेऱ्या पळाला. खाजा मिया खोकला लागेपर्यंत हसला. मग डोळे पुसत खिडकीशी आला. "अगे अनुसया, वो पाहुना नै, गिऱ्हाईक है. जरा पूछ के तो मार!"

त्या दिवसापासून तिनं स्वतःपुरता एक नियम केला, आणि पुढे साऱ्या हॉटेलचा तोच नियम झाला. जेवण विचारून. पाणी न विचारता.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात एक एसटी हॉटेलासमोर थांबली. बाप्ये उतरले, चहा-भजी झाली. बसमध्ये बारा-पंधरा बाया तशाच बसून राहिल्या, पत्रा तापलेला, लेकरं रडून लाल झालेली. अनुसयानं छपराबाहेर येऊन ते बघितलं, पीठ लागल्या हातानं कळशी उचलली आणि कुणाला न विचारता बसमध्ये चढली. पाणी पिऊन झाल्यावर एका बाईनं हळूच विचारलं, "बाई, खाली उतरलं तर बायांनी जायला जागा हाय का हितं?"

जागा नव्हती. सगळ्या रस्त्यावर नव्हती. म्हणून तर त्या नांदेडहून निघताना पाणी पीत नव्हत्या.

संध्याकाळी तिनं खाजा मियाला त्याच्या घरी गाठलं. "मागं चार पत्रे उभे करा. दाराला आतनं कडी लावा. आन् हॉलातली दोन टेबलं बायांना."

"बायका हॉटेलात येत न्हाईत, अनुसया."

"येत न्हाईत, का येऊ देत न्हाई आपण?"

खाजा मियाची बायको अमिनाबी पडद्याआडून म्हणाली, "मैं भी कभी आयी क्या तुम्हारे हॉटेल में?" तीस वर्षांचा संसार झाल्यावर हा प्रश्न खाजा मियाला पहिल्यांदाच पडला. आठ दिवसांत पत्रे उभे राहिले, आतून कडीसुद्धा लागली. वर्षभरात असं झालं की बाळापूर जवळ आलं की बाया कंडक्टरला ओरडून सांगत, "मुसाफिरला थांबवा, मुसाफिरला!" आणि कंडक्टर दुसऱ्या हॉटेलवर कितीही खुश असला तरी त्याचं काही चालायचं नाही.

परभणीतून फुटून हिंगोली वेगळा जिल्हा झाला, त्या साली खाजा मियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यानं अनुसयाला चुलीवरून उठवून पुढे आणलं. "आज से तू मॅनेजर. सिर्फ एक बात सुन. तो घागरा, त्या आरशाच्या कांचळ्या… साडी नेस जरा. लोक बघतच बसतील."

"चार दिस बघत्याल. पाचव्या दिसी जेवत्याल."

रंगारी पाटी लिहायला आला. 'व्यवस्थापक : अनुसयाबाई' इथवर लिहून त्याचा ब्रश थांबला. "राठोड लिहू का ऱ्हाऊ दे? गिऱ्हाईक बिचकंल."

"राठोड लिही," ती म्हणाली. "आन् अनुसयाबाईपेक्षा मोठं लिही."

लोकांनी चार दिवस बघितलं, पाचव्या दिवशी जेवले. बिचकला तो तांडा.

तांड्याचा नाईक होता वसराम, म्हणजे हरिचंदचा थोरला भाऊ. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोड्या गोळा करणारा मुकादमही तोच. बाया रस्त्याकडेच्या हॉटेलात उभ्या राहायला लागल्या तर दिवाळीनंतर ट्रकमध्ये चढणार कोण, हे त्याला बोलून दाखवायचं नव्हतं. त्यानं काय शोभतं, काय शोभत नाही ही गोष्ट काढली. तांड्याची पंचायत, म्हणजे नसाब, तांड्यातल्या लिंबाखाली बसली.

अनुसया घुंगट ओढून एका बाजूला उभी होती. थोरल्या दिरासमोर तोंड दाखवायचं नाही आणि थेट बोलायचं तर नाहीच. मध्ये कुणीतरी लागतं. म्हणून हरिचंद दोघांच्या मध्ये उभा होता, दोन बैलांमधल्या जुवासारखा.

"हरिचंद, तुझ्या बायकोला विचार," वसराम म्हणाला, "मागं चुलीपाशी काय खुपत होतं?"

हरिचंद वळला. "काय खुपत होतं?"

"धूर," घुंगटातून आलं. दोन-चार म्हातारे हसले.

वसरामनं हसणाऱ्यांकडं बघितलं. "तिला सांग, तांड्याच्या बाईनं परक्या गड्यांम्होरं उभं ऱ्हाऊन पाणी देणं शोभत न्हाई."

"त्यांना सांगा, ह्याच तांड्याच्या बाया ऊसतोडीत परक्या गड्यांम्होरं मोळ्या उचलत्यात, उघड्यावर न्हात्यात. तवा शोभा कुठं जाती? ट्रकच्या मागं ऱ्हाती का?"

हरिचंदनं घसा साफ केला. भावाकडे तोंड केलं. "ती म्हणती… इचार करते म्हणून."

"मी आसं म्हणलंच न्हाई!" अनुसया एवढ्या मोठ्यानं म्हणाली की झाडावरचे कावळे उठले. "जे म्हणलं ते सांगा!"

सांगायची गरज उरली नव्हती, सगळ्यांनी ऐकलं होतं. वसराम उठून उभा राहिला. "तर मग नसाबचा निकाल ऐका. ही बाई त्या हॉटेलाच्या म्होरं उभी हाय तवर तिच्या हातचं पाणी बंद. तांड्यातलं कुणी पिणार न्हाई. जो पिईल त्याचंबी बंद."

त्या रात्री हरिचंद तिच्या हातची भाकरी जेवला, पाणीही प्याला. दार मात्र लावून घेतलं. अनुसयानं ते उठून उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून सात नंबरवर जग आला.

"कुणासाठी?" देविदासनं विचारलं.

"तांड्यासाठी. त्यांनी बंद केलं, मी न्हाई."

तांडा रोज समोरून जायचा. बाजाराला, दवाखान्याला, बस धरायला. वहिनी, मावशी, लहानपणी एका ताटात जेवलेली आणि ह्याच तांड्यात दिलेली नीलाबाई. सगळ्या माना खाली घालून जायच्या. उन्हाळ्यात त्यांचे ओठ कोरडे दिसायचे आणि वीस पावलांवर जगावर पाण्याचे थेंब साचलेले असायचे. दुपारच्या गर्दीत गिऱ्हाईक ताटकळायचं, तरी सात नंबर मोकळं.

खाजा मिया आंधळ्या डोळ्यांनीही ते बघू शकायचा. "अनुसया, हे धंदा करून राहिली का जिद?"

"दोनी."

"एका म्यानात दोन तलवारी…"

"मियाभाई, तुमीच म्हणाला ना, मॅनेजर मी. मंग टेबल कुणाला द्यायचं ते मी ठरवीन."

तीन वर्षं त्या जगाला कुणी हात लावला नाही. रोज सकाळी ती कालचं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतायची. लिंब मात्र चांगला फोफावला.

मग लगीनसराईतल्या एका भर दुपारी, सेनगावकडून आलेली एक जीप हॉटेलासमोर फुसफुसून बंद पडली. तीन माणसं उतरली. त्यांत घागरा-कांचळीतली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या घातलेली एक म्हातारी. हॉल भरलेला होता. देविदासनं अनुसयाकडे बघितलं.

"सात नंबर?"

"कुठल्या का तांड्याची, तांड्याचीच माणसं हायती. त्यांच्यासाठीच तर हाय ते."

माणसं बसली. तीन पेले सुलटे झाले. न विचारता पाणी ओतलं गेलं. म्हातारी दोन पेले प्याली, तिसरा डोळ्यांवर मारला आणि म्हणाली, "जीव आला बाई. मी जिवनबाई. नातवाला पोरगी बघायला चाललोय. वसराम नाईकाची मिना. दूर हाय का गं तांडा?"

अनुसयाचा हात जगाच्या कानावर तसाच राहिला.

एक शब्द पुरला असता. या पाण्याची गोष्ट तिनं पाहुण्यांना सांगितली असती, तर नाईकाच्या दारी जाण्याआधीच सोयरिक मोडली असती. तीन वर्षं माना खाली घालून गेलेल्या सगळ्यांचं उट्टं एका वाक्यात निघालं असतं. ती म्हणाली, "जवळच हाय. निरोप धाडते, तुमी सावलीत बसा." आणि तिनं हरिचंदला सायकलवर पिटाळलं.

वसराम मोटारसायकलवरून आला तो घामाघूम. दारातच थबकला. त्याचे होणारे सोयरे सात नंबरवर बसले होते, पेले रिकामे होते, ताटं वाढलेली होती. त्याच्याच तोंडच्या निकालानं त्याच्या लेकीचं सासर आता वाळीत पडलं होतं. त्यांना उठवावं तर कारण सांगावं लागणार, आणि जेवत्या पाहुण्याला ताटावरून उठवणारा नाईक आजवर कुठल्या तांड्यात झाला नव्हता.

अनुसया समोर आली. सवयीनं उजवा हात घुंगटाकडे गेला. वीस वर्षांची सवय ती. हात कपाळापर्यंत गेला आणि तिथून खाली आला. त्याच हातानं तिनं चौथा पेला सुलटा केला, भरला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदा, मध्ये कुणी नसताना, ती थोरल्या दिराशी बोलली.

"बसा, नाईक."

वसराम बसला नाही. पेल्याकडे बघत म्हणाला, "मला नको. आज उपास हाय माझा."

"उपासाला पाणी चालतं."

खिडकीत देविदासचं डोकं अडकल्यासारखं स्थिर झालं. म्हातारी जिवनबाई भाकरीचा घास मोडता मोडता म्हणाली, "चालतं की! कोणता उपास म्हणायचा हा, नाईक? आज ना एकादस, ना मंगळवार. घ्या, घ्या. लई थंड हाय पाणी."

वसरामनं पेला उचलला. काढा पितात तसं डोळे मिटून एका घोटात ते पाणी प्याला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देविदासनं पुन्हा भाजी ढवळायला घेतली. जेवणं झाली, जीप सुरू झाली आणि पाहुणे तांड्याकडे निघाले; पुढं मिनाची सोयरिकही जमली. त्यांच्यामागं निघायला वसराम मोटारसायकलला किक मारत होता, तेव्हा अनुसया त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेली.

"नाईक, लिंबाखाली बसून बंद केलं होतं. लिंबाखाली बसूनच उघडा."

"बाई, झालं ते झालं. आता कोण काय म्हणून राहिलं?"

"झालं ते झालं न्हाई. चार लोकांत बोलून तोडलं, चार लोकांत बोलूनच जोडा. पाहुण्याच्या आडून पाणी पिलं म्हणजे जोडलं आसं होत न्हाई."

मोटारसायकल सुरू झाली. नसाब त्यासाठी बसली नाही, त्या वर्षी नाही, पुढेही नाही. तांड्यानं निकाल मागे घेतला नाही, नुसता विसरल्यासारखा केला. आधी नीलाबाई आली, लाजत, पदर चाळवत. मग बाकीच्या बाया, मग गडीमाणसं. अनुसयानं कुणाला कधी टोमणा मारला नाही. येईल त्याला एक ते सहापैकी जागा मिळायची, बसल्याबरोबर पाणी मिळायचं. सात नंबर आता तांड्याचं राहिलं नव्हतं. ते एका माणसाचं झालं होतं.

"अब तो सब आते," खाजा मिया म्हणायचा. "हटा वो जग."

"सगळे येत्यात, बराबर. पण ज्यानं बंद केलं त्यो आला न्हाई. पाहुण्याबिगर आन् उपासाबिगर येऊन बसंल, त्या दिवशी जग उचलीन."

खाजा मिया दोन हजार चारच्या रमजानमध्ये गेला. लोकांना वाटलं आता हॉटेल अनुसयाच्या हातातून जाणार. अमिनाबी चाळिसाव्यानंतर हॉटेलात आली, जन्मात पहिल्यांदा, आणि एक नंबरच्या खुर्चीत बसली. अनुसयानं न विचारता पाणी ठेवलं. अमिनाबी प्याली, चहूकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तूच सांभाळ."

तिनं सांभाळलं. वर चार खोल्या काढल्या. एकट्या बाईला मुक्कामाला खोली देणारं त्या रस्त्यावरचं ते पहिलं हॉटेल. पुढच्या हॉलात तिनं आसपासच्या तांड्यांमधल्या नऊ बाया उभ्या केल्या. पुढच्या साली दिवाळीनंतर वसरामचा ट्रक पहिल्यांदा अर्धा रिकामा गेला, आणि हरिचंदही त्यात चढला नाही. तो हॉटेलात पाणी भरायला लागला. नांदेडच्या कॉलेजातली हॉटेलचं शिकणारी मुलं एकदा वह्या घेऊन आली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या सर्व्हिसचं तत्त्व काय?" अनुसयानं तिला तीन नंबरच्या खुर्चीत बसवलं. "अर्धा तास बसून ऱ्हा. काय खुपलं ते लिहून दे." मुलीनं दोन पानं भरून दिली. अनुसयानं ती देविदासकडून वाचून घेतली, आणि पडदा एक वीत खाली सोडला.

वसराम म्हातारा होत चालला होता. समोरून जाताना त्याची मोटारसायकल हळू व्हायची, थांबायची नाही. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत एका दुपारी मात्र ती थांबली. इंजिन चालूच ठेवून तो सात नंबरकडे बराच वेळ बघत राहिला आणि मग निघून गेला. हरिचंदनं ते बघितलं, बायकोला सांगितलं. तिनं हातातलं टेबल पुसून पुरं केलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी एक नंबरला बसली. रात्रीपासून छातीत कळ होती हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन, तीन, चार. पाच नंबरची खापरी तिनं वाकून नीट सरकवली. सहा नंबरवर ती जरा जास्त वेळ बसली, दोन्ही हात टेबलावर टेकवून, रस्त्याकडे तोंड करून. उजाडत होतं. पहिली एसटी अजून यायची होती. हरिचंद कळशी घेऊन आत आला, तेव्हा ती मान वळवून शेवटचं एवढंच बोलली,

"सात नंबरचं पाणी बदला. कालचं हाय."